पळून आल्यावर थुंकीत लाली: मैदानावर काय करायचं, दवाखान्यात काय सांगायचं

साताऱ्यात पहाटे साडेपाचला कुठल्याही मोकळ्या मैदानावर या, अंधारात पोरं पळताना दिसतील. कुणाची पोलीस भरती, कुणाची अग्निवीर. अपशिंग्यासारखी घरटी फौजी देणारी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे दुसरं काय होणार! मी गेली काही वर्षं अशा पोरांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. डॉक्टर नाही. जे लिहितोय ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि दोनदा चांगलाच घाबरून शिकलो आहे.

पहिल्यांदा घाबरलो ती जानेवारीतली पहाट. १६०० मीटरची टाइम ट्रायल होती. एक पोरगा पाच मिनिटं बारा सेकंदांत आला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला, खोकला आणि थुंकला. थुंकी नेमकी फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघेवर पडली म्हणून दिसली. साबणाच्या फेसासारखी, पण गुलाबी. मातीवर पडली असती तर मला काही कळलंच नसतं.

"काय नाय सर, उष्णता झालीय. आई सब्जा देती रोज."

आपल्याकडे रक्त कुठूनही येवो, कारण एकच, उष्णता. मग सब्जा, गुलकंद, ताक. त्या दिवशी मात्र दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला पांढुरकी झाक होती. दोन दिवसांनी परत काढला तेव्हा ती गेलेली. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, नॉर्मल निघाला.

आत नेमकं काय होतं

फुप्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात आणि त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी ०.३ मायक्रॉन एवढाच जाड, म्हणजे केसाच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास. पातळ असायलाच हवा, नाहीतर प्राणवायू पलीकडे जाणार कसा? बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. जीव तोडून पळताना वीस-पंचवीस लिटर, आणि ते सगळंच्या सगळं या जाळ्यातून जातं. दाब वाढला की आधी रक्तातलं पाणी पाझरतं आणि फुप्फुस ओलं होतं. आणखी वाढला तर पडद्याला बारीक चिरा जातात आणि लाल पेशी हवेच्या बाजूला येतात. पाणी, हवा आणि थोडं रक्त घुसळलं की होतो तो गुलाबी फेस.

अमेरिकेतले फुप्फुसतज्ज्ञ जॉन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही दाबाने पडदा फाटण्याची गोष्ट नीट उलगडली. शर्यतीच्या घोड्यांत हे फार जुनं दुखणं आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एका नामी घोड्याला 'ब्लीडिंग चिल्डर्स' म्हणत, ते नाकातून रक्त यायचं म्हणून. आज शर्यतीनंतर दुर्बिणीने श्वासनलिका पाहिली तर निम्म्याहून जास्त घोड्यांत रक्त सापडतं. नाकातून बाहेर येतं ते मात्र फार थोड्यांच्या.

माणसात एवढं होत नाही, पण होतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अव्वल सायकलपटूंना सात मिनिटं पूर्ण जोर लावून सायकल मारायला लावली आणि मग फुप्फुसं धुऊन ते पाणी तपासलं. त्यात लाल पेशी आणि प्रथिनं वाढलेली होती. त्याच गटाने पुढच्या वर्षी तासभर थोड्या कमी जोराने सायकल चालवून पाहिली, तेव्हा तसं काही दिसलं नाही. मला यातून कळलं ते असं, की तासभर लयीत पळणाऱ्यापेक्षा पाच-साडेपाच मिनिटं फाटेस्तोवर पळणाऱ्याच्या फुप्फुसावर ताण जास्त. भरतीचं १६०० मीटर म्हणजे नेमकं तेच.

जोरात पळल्यावर तोंडात लोखंडासारखी चव येते, थोडा वेळ कोरडा खोकला येतो, हे बहुतेकांना होतं. थंड कोरडी हवा भसाभसा आत ओढल्याने श्वासनळी चिडते आणि खोकला येतो. तो तासाभरात थांबतो, थुंकीला रंग नसतो, दम पाच-दहा मिनिटांत खाली बसतो. एवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही.

पहिलं काम: थांबवा आणि बसवा

दम बसत नाहीये, खोकला वाढतोय, छातीत घुरघुर ऐकू येतेय किंवा थुंकीला रंग आहे, असं काही दिसलं की पळणं तिथेच संपलं. "एक राउंड हळू मार, मोकळं होईल" हे वाक्य मी स्वतः कैक वेळा बोललो आहे. बोलू नका.

मैदानावर कुणी खाली बसलं की दहाजण धावतात आणि त्याला आडवा करून पाय वर उचलतात. चक्कर आलेल्या माणसाला ते बरोबर आहे. दम लागलेल्याला नाही. आडवं केलं की पायांतलं रक्त छातीत येतं, आणि तिथे आधीच गर्दी झालेली असते. मी पोरांना दोन ओळींत पाठ करून घेतलंय: चक्कर आली तर झोपवा, दम लागला तर बसवा.

बसवायचं कसं, तर कट्ट्यावर किंवा मोटारसायकलच्या सीटवर, पाठ सरळ, पाय खाली लोंबते. घट्ट टी-शर्ट, छातीचा पट्टा सैल करा. घामाने भिजलेल्या अंगावर गार वारा लागत असेल तर जर्किन टाका, कारण थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि रक्त पुन्हा आत ढकललं जातं. लिंबू-सरबत, ग्लुकोज, पाणी, काही नको. तहान लागली तर ओठ ओले करा. पाठीत धपाटे मारू नका. कुणाच्या खिशात दम्याचा पंप असतो आणि तो लगेच पुढे केला जातो. त्या पोराला आधीपासून दमा असेल आणि पंप त्याचाच असेल तर द्या. पण ओल्या फुप्फुसावर पंपाने काही होत नाही, आणि "पंप दिलाय, बघू" म्हणत अर्धा तास जातो.

कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत पडून आहे. एक मैदानावर आणून ठेवा, सेल बदलून. जानेवारीत बोटं बर्फासारखी असतात तेव्हा ते काहीही आकडा दाखवतं, म्हणून आधी हात चोळून गरम करा. मेंदी किंवा नेलपेंट असेल तर दुसरं बोट बघा.

थुंकी पांढऱ्यावर बघा

हे काम दोन मिनिटांचं, पण डॉक्टरांच्या सगळ्यात उपयोगाचं. पांढरा कागदी कप किंवा कोरा कागद घ्या, त्यात थुंकायला लावा, मोबाइलवर फोटो काढा. गुलाबी फेस असेल तर फुप्फुसात पाणी झालंय असं धरून चला. साध्या बेडक्यात लाल रेघा असतील तर रक्त श्वासमार्गातलं असू शकतं. काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं आणि उलटीबरोबर आलं तर ते पोटातलं, त्याची वाट वेगळी.

रंग दिसला की आधी एक प्रश्न विचारा: सकाळी काय खाल्लंस? दमसास वाढतो म्हणून अर्धी पोरं बिटाचा रस पिऊन येतात. कुणी लाल रंगाचं एनर्जी ड्रिंक मारलेलं असतं. हिरड्यांतून रक्त येणारे असतात, मिसरीवालेही असतात. एकदा चूळ भरायला लावून पुन्हा थुंकायला सांगा. नाकाचा घोणा फुटला असेल तर रक्त मागून घशात उतरतं आणि तेही थुंकीत दिसतं, म्हणून नाकपुड्या बघा.

चूळ भरल्यावरही खोकून लाल येत असेल, तर ते छातीतलं. मग प्रमाण कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टर. एक्स-रेवरची झाक दिवस-दोन दिवसांत निघून जाते. "उद्या बघू" म्हणणाऱ्याचा एक्स-रे उद्या कोरा येतो आणि मग कुणालाच काही कळत नाही.

गाडीवर न्यायचं की १०८ बोलवायची

दहा मिनिटं बसवूनही दम खाली येत नाही, पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ऑक्सिमीटर ९२ किंवा त्याखाली, ओठ निळसर, छातीत दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय, किंवा थुंकीतलं रक्त चमच्यांच्या पलीकडे गेलंय. यातलं एक जरी असलं तरी १०८. त्या गाडीत ऑक्सिजन असतो, तुमच्या बुलेटवर नसतो. दोघांच्या मध्ये दाबून बसवून पोरगा नेणं हा आपला राष्ट्रीय प्रकार आहे, पण वाटेत मान टाकली तर दोघं काय करणार?

दम पूर्ण बसला, आकडा ९५ च्या वर, नुसती एक-दोनदा लाल रेघ दिसली, तर गाडीवरून नेलं तरी चालेल. एकट्याला मात्र पाठवू नका. तो घरी जाऊन झोपतो.

"डॉक्टर, एक सलाईन लावा"

यावर जरा थांबतो, कारण हे गावोगाव होतं. पोरगा गळून गेलाय, घामाने भिजलाय, म्हणजे अशक्तपणा, म्हणजे सलाईन. बाटली लागली नाही तर दवाखान्यात आल्यासारखं वाटत नाही. फुप्फुसात पाणी झालेल्याच्या शिरेत आणखी एक लिटर पाणी सोडणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत बादली ओतणं. असा रुग्ण आला की डॉक्टर त्याला ऑक्सिजन देतात, गरज पडली तर दाबाने हवा देणारा मास्क लावतात, काही वेळा लघवी वाढवणारं इंजेक्शन देतात. बहुतेक तरुण पोरं एक-दोन दिवसांत सुधारतात. तुम्ही नातेवाईक असाल तर सलाईनचा आग्रह धरू नका, आणि समोरचा बाटली लटकवायला निघालाच तर एवढंच म्हणा: "डॉक्टर, याला पळताना गुलाबी फेस आलाय, फोटो आहे." फोटो पाहिला की बाटली बहुतेक वेळा खाली उतरते.

डॉक्टरांना काय सांगायचं

काय करताना झालं, किती वेळात झालं, आधी किती पाणी प्यायलं, गेल्या दोन दिवसांत कुठली गोळी घेतली. पोटरी दुखते म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन खाणारी पोरं भरपूर, आणि या गोळ्यांनी रक्त गोठण्याची ताकदही थोडी कमी होते. कुणी भरतीआधी 'ताकदीचं' इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगायचं. मी पोरांना म्हणतो, माझ्यापासून लपवा, डॉक्टरांपासून नको. रक्त पातळ करायची गोळी एखाद्या वयस्क धावपटूला डॉक्टरांनीच दिलेली असेल तर ती मनाने बंद करायची नाही, फक्त सांगायची.

तपासण्यांत छातीचा एक्स-रे, ईसीजी, रक्तदाब, रक्ततपासणी आणि इको, एवढं तरी व्हावं. आणि बेडक्याची टीबीसाठी तपासणी. आपल्या देशात खोकल्यातून रक्त आलं की टीबी नाही हे आधी ठरवावंच लागतं, पोरगा कितीही तगडा दिसो. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. यात लाजण्यासारखं काही नाही, पण घरचे लाजतात खरे.

इकोबद्दल बोलताना दुसरी गोष्ट सांगायला हवी, आणि ती माझ्या चुकीची आहे. एक मुलगी ८०० मीटरला दर वेळी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये थांबायची आणि खोकायची. रात्री आडवं पडलं की खोकला येतो, उशीला टेकून झोपते, असं तिने एकदा मैत्रिणीला सांगितलेलं माझ्या कानावर आलं होतं. मी तिला काय म्हणालो? "नाटकं बंद कर, स्टॅमिना वाढव." पुढे महिन्याभराने तिच्या थुंकीत रक्त आलं तेव्हा इकोमध्ये हृदयाची डावीकडची झडप, मायट्रल, आकसलेली निघाली. लहानपणी घसा दुखून ताप आला होता, सांधे सुजले होते, आणि सगळे ते विसरून गेले होते. त्या संधिवाताच्या तापाने झडप हळूहळू जाड होत जाते. झडपेतून रक्त पुढे सरकायला जागा कमी, म्हणून पळताना सगळा दाब मागे फुप्फुसात साठतो. तिला चढाला दम लागायचा तो आळसाचा नव्हता. आता नवीन पोरगा-पोरगी आली की मी तीनच प्रश्न विचारतो: लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, आडवं पडल्यावर खोकला येतो का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का. एकाला जरी 'हो' आलं तर आधी इको, मग मैदान.

विहीर आणि नदी

पाण्यात हेच दुखणं वेगळ्या वाटेने येतं. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की पाण्याच्या दाबाने हातापायांतलं अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीत सरकतं. पाणी गार असेल तर कातडीतल्या वाहिन्या आखडून आणखी. त्यावर जोरात हात मारले की फुप्फुस पाझरायला लागतं. परदेशात ट्रायथलॉन करणाऱ्यांत आणि नौदलाच्या प्रशिक्षणात हे चांगलं माहीत आहे. १९९५ मध्ये इस्रायलमधून आलेल्या एका अहवालात आठ तरुण होते, पोहण्याआधी प्रत्येकाने जवळपास पाच लिटर पाणी प्यायलेलं होतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांना आणि बायकांना हे जास्त होताना दिसलं आहे.

आपल्याकडे भीती विहिरीची. मे महिन्यातसुद्धा खोल विहिरीचं पाणी गार, आणि वर यायला एकच वाट, पायऱ्या किंवा दोर. पोहणारा मध्येच खोकायला लागला, "पाणी गेलं नाकात" म्हणाला, तरी दम नेहमीपेक्षा जास्त दिसतोय, तर त्याला लगेच काठाला घ्या. स्वतःच्या ताकदीने पायऱ्या चढायला लावू नका. म्हणून विहिरीवर हवा भरलेली ट्यूब आणि जाड दोर असायलाच हवा, पट्टीचा पोहणारा असला तरी. कराडच्या प्रीतिसंगमावर किंवा वाईच्या घाटावर उतरणाऱ्यांनी काठाला समांतर पोहावं, पलीकडे जाण्याची पैज नको. बाहेर काढलं की ओले कपडे उतरवा, कोरडं गुंडाळा, बसवा. पुढचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे.

यवतेश्वरचा घाट आणि पाण्याचे टेबल

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनच्या आधी महिना-दोन महिने यवतेश्वरचा घाट पळणाऱ्यांनी भरून जातो. मला तिथे लवकर येणाऱ्यांची काळजी कमी, तीन तास लावणाऱ्यांची जास्त. पावसाळी गार हवा, घाम बेताचा, आणि प्रत्येक टेबलावर "पाणी घ्या, पाणी घ्या" असा आग्रह. २१ किलोमीटरमध्ये प्रत्येक टेबलावर दोन ग्लास पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. ते फार उतरलं की मेंदूला सूज येते आणि फुप्फुसातही पाणी होऊ शकतं. डोकं दुखणं, उलटी, अंगठी घट्ट होणं, बडबड, दम. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते आणखी पाजतात.

ओळखायचा सोपा मार्ग वजनकाटा. पळायच्या आधी आणि नंतर वजन करा. पळून आल्यावर वजन थोडं घटायला हवं. वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायला आहात. तहान लागेल तेव्हा, तेवढंच. शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक गोळी नको, तिने मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. असा माणूस दवाखान्यात नेला तर "सोडियम बघा" हे दोन शब्द आठवणीने बोला. त्याला लागतं ते तीन टक्क्यांचं तीव्र मीठपाणी, साधं नव्हे.

उंचीची भीती इथे बाळगू नका. कास साधारण १२०० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. उंचीमुळे फुप्फुसात पाणी होतं ते साधारण २५०० मीटरच्या वर. पण इथून तयारी करून लडाखला पळायला जाणाऱ्यांना मात्र सांगतो: लेह ३५०० मीटरवर आहे, तिथे उतरल्या दिवशी पळू नका, आणि बसल्या जागी दम लागला तर औषध शोधत बसण्याआधी खाली उतरा.

परत पळायचं कधी

कारण सापडलं असेल तर ते डॉक्टर ठरवतील. काही सापडलं नाही आणि त्यांनी हिरवा कंदील दाखवला, तर माझी पद्धत अशी. खोकला पूर्ण थांबल्यावर एक आठवडा नुसतं चालणं. मग दोन आठवडे गप्पा मारता येतील एवढ्याच वेगात पळणं. अजिंक्यताऱ्याचा चढ या काळात चालत. चौथ्या आठवड्यापासून दोनशे-दोनशेचे तुकडे, मध्ये पूर्ण विश्रांती. पूर्ण जोराची टाइम ट्रायल सगळ्यात शेवटी, आणि ती आठवड्याला एकच. आधी वीस मिनिटं अंग गरम केल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही. सर्दी-ताप असेल त्या दिवशी घरी. एकदा झालेलं परत होऊ शकतं, विशेषतः पाण्यात, म्हणून त्याने एकट्याने विहिरीत उतरायचं नाही.

पोरं हे लपवतात ते एकाच भीतीने, मेडिकलला अनफिट करतील. उलट कागद नसतील तर शंका जास्त. दोन्ही एक्स-रे, इकोचा रिपोर्ट, टीबीचा निगेटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांची 'पळायला हरकत नाही' ही चिठ्ठी, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवायचं. त्या पहिल्या पोराची फाइल माझ्याच कपाटात आहे. वरच्या पानावर तारीख, पाच मिनिटं बारा सेकंद, आणि फक्कीच्या रेघेवरच्या थुंकीचा फोटो.